उकळत्या गुळातले जिवाणू

सोयाबीनचं नववं रोप उपटलं, बादलीत मुळं धुतली. याही रोपाला एकही गाठ नव्हती. पेरणीला महिना उलटून गेला होता. या वयाच्या सोयाबीनच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसायला हव्यात. इथे मुळं स्वच्छ पांढरी होती आणि वर पानं पिवळी पडत चालली होती.

बांधावर महानंदा अक्का उभ्या होत्या. दुबलगुंडी गावातल्या बारा बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. गावातल्या अप्पा नावाच्या जमीनमालकांनी आपलं तीन एकर रान एका हंगामासाठी या गटाला कसायला दिलं होतं. पीक नीट आलं तर पुढेही तुमच्याकडेच, नाही तर रान परत, असं तोंडी ठरलेलं. आजूबाजूचे युरिया टाकत होते तेव्हा या बायकांनी तो टाकला नव्हता, कारण मी नको म्हटलं होतं.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "लोकं हसायलेत मॅडम. एवढंच सांगा, पाकीट खोटं हुतं का आमी?"

पेरणीआधी बियाण्याला लावलेलं जिवाणू खताचं ते पाकीट माझ्या लॅबमधलं होतं.

जिवाणू खत बनवणाऱ्या एका संस्थेत मी लॅब इन्चार्ज आहे. आमच्या कामातली मुख्य गोष्ट साधी आहे. हवेत नत्र भरपूर असतं, पण झाडाला ते थेट घेता येत नाही. रायझोबियम नावाचे जिवाणू मुळांत शिरतात, तिथे गाठी करून राहतात आणि हवेतलं नत्र झाडाला खाता येईल असं करून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. बसल्या जागी नत्र मिळतं, आणि थोडं पुढच्या पिकासाठी जमिनीतही राहतं. युरिया जास्त झाला की मात्र झाड या पाहुण्यांना फारसं विचारत नाही, म्हणून मी तो नको म्हटलं होतं. सोयाबीनला लागणारे जिवाणू प्रत्येक रानात असतातच असं नाही. अप्पांच्या रानात आजवर ऊस होता. म्हणजे जे काही यायचं ते आमच्या पाकिटातूनच यायला हवं होतं.

संस्थेच्या कलबुर्गीच्या ऑफिसला फोन केला. साहेब म्हणाले, आधी पाकीट तपासा. गटाकडे एक पाकीट न फोडलेलं शिल्लक होतं, ते लॅबमध्ये आणलं. आमच्याकडे प्लेट लावतात. काचेच्या थाळीत जिवाणूंच्या खाण्याची जेली ओतायची, पाकिटातल्या भुकटीचं खूप पातळ केलेलं पाणी तिच्यावर पसरायचं आणि वाट पाहायची. जिवंत जिवाणू असला की त्याचा एक ठिपका वाढतो. आठवड्याने थाळी ठिपक्यांनी भरली. पाकीट ठणठणीत होतं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग विषय संपला. हाताळणी चुकली. तसं लिहा आणि फाइल क्लोज करा."

तक्रारीच्या फॉर्मवर हे कारण छापलेलंच असतं, 'शेतकऱ्याकडून अयोग्य हाताळणी'. समोर चौकोन, त्यात खूण करायची. मी ती अनेकदा केली आहे. कुणी पाकीट उन्हात ठेवलेलं असायचं, कुणी कीटकनाशकात कालवलेलं असायचं, त्यामुळे बऱ्याचदा ती खरीही असायची. पण न जाता, न पाहताही मी ती केली आहे, आणि आज त्याची लाज वाटते. या वेळी पेन उचललं आणि अक्कांचा प्रश्न आठवला. फॉर्म पर्समध्ये घातला आणि सकाळच्या बसने पुन्हा हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीला निघाले.

अक्कांना म्हटलं, पेरणीच्या दिवशी जे केलंत ते पुन्हा करून दाखवा, तेच भांडं, तीच चूल. मी बोलणार नाही. त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं, गूळ फोडून टाकला. गूळ विरघळला, उकळी आली. पातेलं खाली उतरवलं आणि वाफा निघत असतानाच मी सोबत आणलेल्या पाकिटातली काळी भुकटी त्यात ओतून लाकडी उलथन्याने भराभर ढवळायला सुरुवात केली.

न बोलण्याचं ठरवलं होतं, तरी मी ओरडले, "अक्का, थांबा."

"थांबू कामून? तुमीच लिवलाय की."

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं आमचं पत्रक काढून माझ्या हातात दिलं. खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. मी वाचलं. पाण्यात गूळ घालून उकळावं. पाकिटातलं जिवाणू खत घालून ढवळावं. बियाण्याला हलक्या हाताने चोळावं. सावलीत सुकवून लगेच पेरावं.

उकळावं आणि घालून ढवळावं, या दोन्हींच्या मध्ये एक ओळ होती. 'पाणी पूर्ण थंड होऊ द्यावं.' ती मीच लिहिली होती आणि पत्रक एका पानात बसेना तेव्हा मीच खोडली होती. हे काय सांगायला हवं, असं मला वाटलं होतं. मी विचार केला तो लॅबमध्ये बसून. या बायकांनी जन्मभर संक्रांतीला तिळाचे लाडू केलेत. पाक गरम असतानाच सगळं घालायचं, थंड झाला की काही धरत नाही, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. गूळ बियाण्याला चिकटायलाच घालतात हेही मीच त्यांना सांगितलेलं. बियाण्याला लावेपर्यंत मिश्रण कोमट झालं, म्हणून बी उगवलं. जिवाणू मात्र पातेल्यातच मेले होते.

त्यांची काही चूक नव्हती. आम्ही लिहिलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं.

मी तिथल्या तिथे सांगितलं की चूक माझी आहे. अक्कांनी पत्रक पुन्हा खिळ्याला अडकवलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय व्हायचं न्हाई. अप्पान्ला सांगा."

मी फॉर्मवरचं छापील कारण आडवी रेघ मारून खोडलं. खाली हाताने लिहिलं की संस्थेच्या पत्रकात आवश्यक सूचना नव्हती, ती मी वगळली होती, आणि दिलेल्या सर्व सूचना गटाने पाळल्या आहेत. सही केली. एक प्रत गटाला दिली, दुसरी अप्पांच्या घरी जाऊन दिली, तिसरी घेऊन कलबुर्गीला गेले.

साहेबांनी ती दोनदा वाचली. ते वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. म्हणाले, असं लेखी दिलं तर उद्या प्रत्येक तक्रार आपल्या गळ्यात येईल. मॅडम, तुमच्या बढतीची फाइल माझ्याच टेबलावर आहे. दुसरा फॉर्म भरा.

"पहिल्याच्या प्रती देऊन झाल्यात, सर."

"कुणाच्या परवानगीने?"

"चूक करताना कुणाची परवानगी घेतली नव्हती. कबूल करताना कशाला घेऊ?"

ते उठून खिडकीपाशी गेले. मी माझी पर्स उचलली आणि बाहेर आले.

पुढचं काम रानातलं होतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नव्या पाकिटांतले जिवाणू मिसळून ओल असताना ओळींच्या कडेने दिलं. उपाशी पिकाला तोवर जगवायला थोडा युरियाही द्यावा लागला. मीच नको म्हटलेला युरिया मीच सांगितला, यावर बायका मनसोक्त हसल्या. पीक सावरलं, पण उशीर झाला होता. रास शेजाऱ्यांपेक्षा कमीच भरली.

अप्पा खळ्यावर आले. माझा कागद त्यांच्या खिशात होता. त्यांनी रास पाहिली, अक्कांकडे पाहिलं. "बायांनी सांगितल्यासारखं केलाय, मग रान कामून काढून घेऊ? पुढल्या साली बी तुमीच कसा." अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मीही तोंड फिरवलं.

मला मेमो मिळाला. बढती अजून मिळालेली नाही. जुनी पत्रकं रद्द करायला साहेब तयार नव्हते, म्हणून गोदामातल्या प्रत्येक पत्रकावर मी आणि लॅबमधल्या दोघींनी लाल पेनाने ती पाणी थंड करण्याची ओळ लिहिली. वाईट दिसतं, असं ऑफिसचं मत पडलं. दिसू दे म्हटलं.

पुढच्या पेरणीला मी दुबलगुंडीला गेले. बारा जणी गोल करून बसल्या होत्या, मध्ये गुळाच्या पाण्याचं पातेलं. मी पाकीट फोडायला घेतलं तर अक्कांनी माझं मनगट धरलं. "आदी तुमी हात घाला, मॅडम."

मी मनगटापर्यंत हात घातला आणि त्या पुरे म्हणेपर्यंत बाहेर काढला नाही. त्यांनी चांगला वेळ लावला.

नवं पत्रक मी त्या आठवड्यात लिहिलं. पाकीट देणाऱ्याने आधी स्वतःचा हात गुळाच्या पाण्यात घालावा, ही त्यातली पहिली ओळ आहे. साहेबांनी ती तीनदा खोडली. मी चौथ्यांदा लिहिली, आणि तशीच छापून घेतली.