कमी नंबरचा चष्मा आणि ईदचा चाँद

वाचनालयातल्या दोस्तांनो, हा कागद फळ्यावर लावतोय, वाचून हसू नका.

निजामाच्या कचेरीत कागदांच्या नकला करून करून माझी लांबची नजर अधू झाली. ती आपोआप सुधारावी म्हणून चार महिने कमी नंबरचा चष्मा लावतोय, रोज लांबची झाडं बघत बसतोय.

आज संध्याकाळी माळवदावर सगळे ओरडले, "चाँद दिसला! उद्या ईद!"

अम्मीला मोतीबिंदू. दरसाल तिच्या वतीनं मीच चाँद बघतो.

"कुठं हाय रे? तुला दिसला का?"

मला नुसतं पांढुरकं आभाळ दिसत होतं. तरी तोंडातून "व्हय" निघून गेलं.

"मग मलाबी दिसला," म्हणत तिनं दुवेसाठी हात उचलले.

मी खाली पळालो. पेटीतला जुना, पुऱ्या नंबरचा चष्मा घेऊन वर येईपर्यंत चाँद बुडाला होता.

उद्या ती मला शीरखुर्मा वाढंल. कुठल्या तोंडानं खाऊ, तुम्हीच सांगा.