धुऱ्यावरचा लिंब

१९६४ साली मुंबईत छातीचं ऑपरेशन करून देवसिंग दिग्रसजवळच्या तांड्यावर परतला, आणि त्याला भांडायला माणूसच उरलं नाही. धाकटा भाऊ धरमसिंग वीस वर्षं दोघांच्या शेतांमधल्या वीतभर धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, त्याच्याशी कचाकचा भांडला होता. आता तो प्रत्येक गोष्टीला "हो दादा" म्हणायचा. देवसिंगाचं टाळकं सरकलं. कुऱ्हाड घेऊन तो धुऱ्यावरच्या लिंबाशी गेला. लिंब धरमसिंगानं लावलेला. एका फांदीवरून एकदा पंचायत बसली होती.

"तोडून राह्यलो," देवसिंग म्हणाला.

"तोड ना दादा. सावली तरी कुठं हाय त्याची."

"गाठ काढली म्हनलं होतं ना? मंग मी मेल्यावानी काहून गोड बोलून राह्यला?"

धरमसिंग अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिला. मग मुंबईच्या डॉक्टरच्याच नाकातल्या शुद्ध बोलीत म्हणाला, "हे पहा, कॅन्सरची गाठ हृदयाच्या भिंतीतच रुजली आहे. निघाली तेवढी काढली. पेशंटला सांगू नका."

"आन् तू ऐकलं? छाती कोनाची होती? माह्या पोरीचं लगन यंदा लावाचं का पुढच्या साली, हे तो नाकात बोलनारा ठरवनार?"

"चुकलो दादा."

"पुन्हा दादा म्हन, मंग पाह्य." देवसिंगानं खोडावर घाव घातला.

साल उडाली तसा धरमसिंगानं दांडा धरला आणि भावाच्या सात पिढ्या काढल्या, ज्या त्याच्याही होत्या. देवसिंगानंही तोंड सोडलं. दोघांनी दांडा सोडला नाही, आणि भांडता भांडताच लग्न यंदा लावायचं ठरलं.