कागदावर नसलेली धाप

मला सोडायला आई आणि संदेशदादा हायवेपर्यंत आले होते. खासगी बसचा क्लीनर माझी बॅग डिकीत कोंबत होता आणि दादा त्याला सांगत होता, "माझी भैण डाक्टर होवक चल्ली हा. तिका जरा फुडची सीट दिया." मी डॉक्टर व्हायला निघाले नव्हते. झूलॉजीत बी.एस्सी. झाले होते आणि अंधेरीत मेडिकल कोडिंगचा तीन महिन्यांचा कोर्स करायला चालले होते. आईला ते माहीत होतं. आदल्या आठवड्यात तिने मला दोनदा विचारून घेतलं होतं, की पेशंटला हात लावायचा नाही, तर मग नेमकं करायचं काय. पण क्लीनरसमोर ती माझी ओढणी नीट करत बसली. मीही दादाची चूक दुरुस्त केली नाही. पुढची सीट मिळाली आणि मी तिच्यावर बसून मुंबईला आले. याला अकरा वर्षं झाली.

गावच्या मुंबई मंडळाने यंदाच्या स्मरणिकेत लिहायला सांगितलंय. गाव सोडून मुंबईत कशी रुजलीस ते लिही, म्हणाले, चार गोड आठवणी येऊ देत. गोड काही सुचत नाही. मला राग आलेला आहे आणि तो दोन वर्षं झाली तरी उतरत नाही. मंडळाला परवडलं तर छापावं.

आधी काम सांगते, कारण अकरा वर्षांत गावात कोणी ते ऐकून घेतलेलं नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टर पेशंटला तपासतो आणि तपासल्याचं टिपण लिहितो. ते टिपण अंधेरीत माझ्या स्क्रीनवर येतं. त्यातल्या प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड असतो, तो मी लावते. तो कोड पुढे विमा कंपनीकडे जातो. बस, एवढंच. लोकांना वाटतं अमेरिकेचं काम म्हणजे रात्रपाळी, तेही नाही. सकाळी नऊला बसायचं, दिवसाला साठ फायली, शंभरात पाचपेक्षा जास्त चुका निघाल्या की ऑडिटवाले बोलावून घेतात. पेशंट मला कधीच दिसत नाही.

या कामाचे दोन नियम पहिल्याच आठवड्यात डोक्यात ठोकून बसवतात. एक, जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही. दुसरा, डॉक्टरने एकदा आजाराचं नाव लिहिलं की त्या आजाराची नेहमीची लक्षणं वेगळी धरायची नाहीत. अपेंडिक्स लिहिलं की पोटदुखी सोडून द्यायची. सुरुवातीला मला हे जमायचं नाही. एका बाईच्या टिपणात वाचलं, थकवा, तहान, वजन उतरलंय. मी सरळ डायबेटिसचा कोड लावला. आमची टीम लीड सगळ्यांसमोर म्हणाली, "तू डॉक्टर आहेस का गं? लिहिलंय तेवढंच कोड कर ना यार. डोकं नको लावूस." तिचं बरोबरच होतं. अंदाजाने आजार लावणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा आहे. मी डोकं लावणं बंद केलं आणि मला बढती मिळाली. जोगेश्वरीत पाच मुलींच्या खोलीत राहत होते, तिथून दहिसरला स्वतःच्या दारापर्यंत पोचले. या कामाने मला ते दार दिलं हे मी नाकारत नाही. गावातल्या ज्या मुली फोन करून विचारतात, कोर्स करू का, त्यांना मी सांगते, करा. स्वतःच्या पायावर उभ्या राहाल.

पण गावाने मला कोडर कधी होऊच दिलं नाही. दादाने क्लीनरला सांगितलं तेच साऱ्या वाडीने धरून ठेवलं. "ती मेडिकलात आसा," झालं. कुणाच्या पोराला ताप आला, फोन. कुणाच्या सासऱ्याची शुगर वाढली, रिपोर्टचा फोटो. सुरुवातीला मी सांगायचे की बाबांनो, मला यातलं कळत नाही. मग लोक म्हणायचे, शिकली तशी भाव खायला लागली. मग मीही सोडून दिलं. सांगायचे, "डॉक्टराने लिहून दिलंय ना, तसं घ्या." सगळ्यांना एकच उत्तर. मंडळाच्या सभेत भेटता ना तुम्ही सगळे, कोणी लॅबमध्ये नमुने पोचवतो, कोणी औषधांच्या दुकानात उभा राहतो, आणि गावी सगळेच डॉक्टर. खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजण हे थोपवतात? आवडतं आपल्याला ते. मलाही आवडत होतं.

दोन वर्षांपूर्वी भातकापणी उरकल्यावर आईचा फोन आला, दुपारी, मी डबा खात असताना. म्हणाली, दोन दिवस बरं वाटत नाही. विहिरीवरून कळशी आणली की धाप लागते, डावा खांदा भरून येतो, आणि घाम इतका की लुगडं बदलावं लागतं. मी विचारलं, "डाक्टराक दाखवलंस? त्याना कागदार काय लिवल्यान?"

नाक्यावरच्या डॉक्टरने अ‍ॅसिडिटी लिहिली होती आणि गोळ्या दिल्या होत्या. मी कागदाचा फोटो मागवला. फोटोत धाप नव्हती, खांदा नव्हता, घाम नव्हता. पोटात जळजळ तेवढी होती. मी म्हटलं, आये, अ‍ॅसिडिटीच आहे, गोळ्या वेळेवर घे, तिखट खाऊ नकोस.

ती म्हणाली, "मगे मी तुका सांगतंय ता खोटा काय गो?"

मी हसले. समोर सत्तावीस फायली पडल्या होत्या. म्हटलं, तसं नाही गं, घे गोळ्या. आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी ती खळ्यात कोसळली. दादाने गाडी करून तिला गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा ती आयसीयूत होती. तिथले डॉक्टर म्हणाले, अटॅक चार-पाच दिवसांपूर्वीच येऊन गेलाय, तेव्हा आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. आई वाचली. हृदयाचा एक भाग कायमचा गेला.

मी तिथे काय केलं सांगू? आईला काचेतून पाहिलं आणि नर्सकडे फाइल मागितली. सवयच ती. ड्युटीवरच्या एका शिकाऊ डॉक्टरणीने दाखल करताना आईला सगळं विचारून घेतलं होतं आणि शब्दन् शब्द लिहिलं होतं. धाप, डावा खांदा, घाम, सहा दिवसांपासून. त्याच्या खाली एक ओळ होती. मुलगी वैद्यकीय क्षेत्रात आहे, तिला फोनवर सांगितले होते, तिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू ठेवण्यास सांगितले.

अकरा वर्षांत हजारो फायली वाचल्या, पण मी असलेली फाइल ती एकच. आणि त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. मी ऑडिटला बसले असते तर शंभरपैकी शंभर दिले असते.

राग कुणाकुणाचा सांगू? नाक्यावरच्या त्या डॉक्टरचा, ज्याने बाई धाप म्हणत असताना जळजळ लिहिलं. दादाचा, ज्याने मला फुकटची डॉक्टर केली. "त्या मुंबईतल्या डॉक्टरणीक विचारलंस मा?" असं आईला म्हणून आपापल्या कामाला लागलेल्या साऱ्या वाडीचा. पण या सगळ्यांचा राग करून झाला की मी उरतेच. मी वागले ते डॉक्टर म्हणूनही नाही आणि लेक म्हणूनही नाही, वागले कोडर म्हणून. आणि कोडर म्हणूनही चुकले, कारण घाम आणि खांदा अ‍ॅसिडिटीत बसत नाहीत, ते वेगळे धरायचे असतात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. फक्त ते कागदावर नव्हतं. माझी आई तोंडाने सांगत होती.

बरी झाल्यावर तिला दहिसरला आणलं. चाळीस दिवस राहिली. एकदाही दुखतंय म्हणाली नाही. कशी आहेस, विचारलं की "बरी आसय" एवढंच. मग गावी परतली, मुंबईत जीव रमत नाही म्हणून. मी रोज फोन करते. रोज तेच, बरी आसय. मला वाटलं होतं खरंच बरी असेल. एवढी मूर्ख मीच.

यंदा मे महिन्यात गावी गेले. एका दुपारी मी माजघरात आडवी झाले होते. मागच्या पडवीत आई आणि शेजारची सुलभाकाकी आमसुलं पसरत होत्या. आई काकीला सांगत होती, पावलं सुजतात, आडवं झालं की गुदमरतं, दोन उशा घेऊन बसून झोपते, महिना झाला. किती बारीकसारीक सांगत होती, कुठल्या कुशीवर जास्त, कुठल्या वेळी जास्त. दोन वर्षांत मला न मिळालेलं सगळं त्या पडवीत पडलेलं होतं.

मी दारात गेले. आईने लुगड्याचा काठ पावलांवर ओढला आणि म्हणाली, "काय नाय गो. चाय करू तुका?"

मी खाली बसले. काठ बाजूला केला आणि तिच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. खळगा पडला, भरून यायला वेळ लागला. मी ओरडले तिच्यावर, खरंच ओरडले, की मला का नाही सांगितलंस. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "अजून डाक्टराक दाखवलंय नाय. कागद नाय माझ्याकडे."

मी म्हटलं, "कागद नको माका. तू सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि काकीकडे वळून म्हणाली, "तू सांग गो तिका."

आणि काकीने सांगितलं. आईची पावलं माझ्या मांडीवर होती आणि आईचं दुखणं मला शेजारीण सांगत होती. दुसऱ्या दिवशी कणकवलीला नेलं, अंगात पाणी धरलं होतं, औषधं बदलली, सूज उतरली. पण दुखण्याबद्दल तिचं माझ्याशी बोलणं अजून सुरू झालेलं नाही. कागदावर गावचं ते घर माझंही आहे, घरपट्टीवर दादाच्या जोडीने माझं नाव आहे. तरी त्या घरातलं दुखणं मला शेजारून कळतं: मी रोज आईला फोन करते, ती बरी आसय म्हणते, आणि मग मी सुलभाकाकीला फोन लावून विचारते, आये कशी आसा?