गास्केटची पट्टी

कारखान्यातली विजेची यंत्रणा कुठल्या पेटीत बंद करायची, हे ठरवणं माझं काम. एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी "इंजिनिअर आहे" म्हणते आणि जेवणाच्या रांगेत शिरते. पण यंत्रांच्या मोटारी चालवणारं नाजूक सामान धुळीत उघडं टाकता येत नाही. त्याला लोखंडी पेटी लागते, आणि ती किती बंदिस्त आहे ते एका दोन आकडी नंबरावरून कळतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला सहा असला की धुळीचा कणसुद्धा आत जात नाही. मला सहा फार आवडायचा. गाझियाबादेत राहणाऱ्या बाईला दुसरं काय आवडणार!

आई गेल्यानंतर बाबा पुण्यात एकटे होते. एकदा बाथरूममध्ये पडले आणि शेजारच्या काकूंना हाक ऐकू जाईपर्यंत तसेच पडून राहिले. मी एकुलती एक. घराला कुलूप लावलं आणि त्यांना इकडे आणलं, त्यांना विचारायच्या भानगडीत न पडता. दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. सकाळी खाली फिरायचे, मोडक्या हिंदीत माळ्याशी गप्पा मारायचे. मग हवा बिघडली. त्यांची छाती आधीच नाजूक, त्यात रात्रंदिवस खोकला सुरू झाला.

मी मला येतं तेच केलं. पेटीच्या दाराला कडेनं जी रबरी पट्टी लावतात, गास्केट म्हणतात तिला, ती ऑफिसातून आणून घरातल्या सगळ्या खिडक्यांना चिकटवली. बाल्कनीच्या दाराला दुहेरी. हवा शुद्ध करणारं मशीन आणलं. खोकला थांबला आणि मी खूष झाले. बाबांना बजावलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

रोज संध्याकाळी मी बूट काढत असतानाच ते विचारायचे, "तिकीट काढलंस का गं?"

"तिथे परत पडलात म्हणजे? हवा सुधारू दे, मग बघू."

"बरं," म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला राग यायचा. मी मरमर करून यांना जपतेय आणि यांना आपलं पुणं सुचतंय.

त्याच सुमारास मानेसरच्या एका कारखान्यातून तक्रार आली. गाड्यांचे सुटे भाग घासण्याचा तो विभाग, शेजारीच भट्टी, धूळ म्हणाल तर डोळ्यांत जाईल एवढी. तिथल्या पेट्या मीच निवडल्या होत्या, अर्थातच सहावाल्या. मोटारी सारख्या बंद पडतात म्हणत होते. सकाळी कॅबमध्ये बसले ती ट्रॅफिकमध्ये अडकत अडकत, काचा बंद, तोंडावर मास्क, अशी दुपारपर्यंत पोचले. आपण स्वतःच पेटीतून पेटीत फिरतोय असं वाटत होतं.

पाहते तर काय, माझ्या सगळ्या पेट्यांची दारं सताड उघडी! मिटू नयेत म्हणून फटीत लाकडाचे तुकडे अडकवलेले आणि प्रत्येकीसमोर एक उभा पंखा, भट्टीकडची धूळ थेट आत मारणारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ये क्या तमाशा है?" मी मेंटेनन्सवाल्यावर ओरडले.

"मॅडम, बंद रखो तो गरम होके ट्रिप मारती है. खुली रखो तो चलती है. प्रोडक्शन रोक दूँ क्या?"

पंखा लावणं मूर्खपणाच होता, तसं मी त्याला सुनावलंही. पण चूक माझीच होती. धूळ बाहेर ठेवायच्या नादात आतल्या सामानाला स्वतःची उष्णता असते, ती कुठून बाहेर पडणार, याचा हिशेब मी काटकसरीनं केला होता. उपाय अवघड नव्हता. पेटी मोठी घ्यायची आणि जे सामान तापतं त्याची पाठ मागून भोक पाडून पेटीबाहेर काढायची. अंग आत सुरक्षित, पाठ वाऱ्यावर. तसं लिहून दिलं आणि निघाले.

घरी आले तर लिफ्टचं दार उघडताच समोर बाबा. आमच्या फ्लॅटचं दार उघडं, मिटू नये म्हणून फटीत त्यांची जुनी चप्पल अडकवलेली, आणि ते उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसलेले. पाऊल बाहेर टाकलं नव्हतं. माझा शब्द पाळला होता.

"अहो बाबा, सगळी घाण हवा आत येतेय! कशाला उघडलंत?"

"हवेसाठी नाही गं. लिफ्ट उघडली की कुणीतरी दिसतं. कधी कधी नमस्ते म्हणतात."

मी फटीतली चप्पल काढून दार लावलं. खुर्ची जागेवर ठेवली. बूट काढले, चहा ठेवला, दोन कप घेऊन त्यांच्यासमोर बसले, आणि तेव्हा लक्षात आलं की त्यांनी तिकिटाचं विचारलं नव्हतं. कालही नाही. परवा विचारलं होतं का, ते मला आठवेना.

मला भीती वाटली. मानेसरच्या मोटारी बंद पडत होत्या म्हणून वाचल्या होत्या. ट्रिप होणं, म्हणजे जळण्याआधी आपोआप बंद पडणं, ही तक्रारच असते. जे सामान तक्रार न करता तापत राहतं, ते एक दिवस जळालेलंच हाती लागतं. हे मी नव्या पोरांना शिकवते.

"बाबा," मी म्हटलं, "पुण्यात काकूंना सांगून दिवसभरासाठी एक माणूस ठेवू. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेऊ. रोज फोन करायचा. चालेल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. खोटं बोलतेय की काय, हे तपासत असावेत. मी फोन काढला तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप उचलला.

"कधीचं काढू?"

"उद्याचं मिळतंय का बघ." मग खिडकीकडे, त्या काळ्या पट्टीकडे बघत म्हणाले, "आणि तुझं? तूही तर इथं कोंडलीयेस. दोन काढ."

मानेसरच्या पेट्या बदलायच्या होत्या, फ्लॅटचे हप्ते होते, वर्षअखेर तोंडावर होती. मी एकच काढलं.