सरांचा शब्द

आमच्या इंग्रजीच्या सरांना अख्खं गाव टँकसर म्हणायचं. शिरूर कासारकडच्या आमच्या शाळेत नवी तुकडी आली की पहिल्या तासाला ते फळ्यावर एकच शब्द लिहीत : टँक. मग गर्रकन वळून विचारत, "कुणाच्या बापाचा शब्द हाय हा?" पोरं म्हणायची, इंग्रजांच्या. "इंग्रजांच्या कशापायी रं? आपल्या टाक्याचा हाय! पोर्तुगीज फिरंग्यांनी उचलला, साहेबानं घासूनपुसून आपल्या नावावर केला. कोशवाले म्हणत्यात, गुजरातीतून गेला. जाऊ द्या, शेजारच्या घरातून गेला तरी चोरी ती चोरीच!"

टाकं म्हणजे महादेवाच्या डोंगरावरचं, कातळात खोदलेलं. आमच्या पणज्यांच्या काळी उन्हाळाभर गाव त्याच्यावर तगायचं. पुढं ते गाळानं बुजलं. दुष्काळ पडला तेव्हा पाणीपुरवठा सहकारी संस्थेच्या सभेत सर उभे राहिले. "टाक्याचा गाळ काढा. पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज न्हाई." चेअरमन गालात हसले. गावात येणारा टँकर त्यांच्याच मेव्हण्याचा होता. "सर, तुमचं इंग्रजी लई भारी हाय. पण तुमचं टाकं चालत दारात येतं का? आमचा टँकर येतो." सगळी सभा खदखदून हसली. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

सर ऐकतात होय! दर रविवारी खोरं-घमेलं घेऊन एकटेच डोंगरावर जायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, करवादायच्या, "शब्दानं तहान भागती का हो?" आणि भाकरी बांधून स्वतःच मागोमाग डोंगर चढायच्या. कमरेइतका गाळ निघाला, खाली ओल लागली, त्या दिवशी सर घरोघर सांगत फिरले. पुढच्याच आठवड्यात संस्थेनं टाक्यात मुरूम लोटला आणि वर सभामंडप उठवला. उद्घाटनाला सरांना शाल-नारळाचं आमंत्रण! काय म्हणावं या निर्लज्जपणाला? सर गेले नाहीत. त्यानंतर तो शब्दही त्यांनी फळ्यावर कधी लिहिला नाही.

सर वारले ते ऐन वैशाखात. शेवटची आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं, शेजारीही नव्हतं. सरांना अंगणात ठेवून आम्ही रस्त्याकडं डोळे लावून बसलो. दुपार कलल्यावर टँकरचा हॉर्न वाजला. बाया सवयीनं घागरी घेऊन धावल्या, मग ओशाळून जागीच थांबल्या. तोवर डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या काकू उठल्या, त्यांनी पदर खोचला.

"आला बाबा ह्यांचा शब्द," त्या म्हणाल्या. "लावा घागर."