साडूपेक्षा दोन फूट जास्त

साडूने हौसेची बोट घेतली तेव्हापासून शिंप्याच्या पोटात दुखत होतं. त्यात साडूने बोट बघायला घरी बोलावलं, जेवण ठेवलं. पानं वाढेपर्यंत या पठ्ठ्याने सवयीने गळ्यातच राहिलेला टेप काढला आणि गुपचूप बोट मोजून आला. चोवीस फूट!

दुसऱ्याच दिवशी तो बायकोला घेऊन बोटींच्या दुकानात गेला. बायको एका छोट्या होडीपाशी थांबली.

"अहो, आपण माणसं दोनच. हीच घ्या ना. वल्ही मारली की निघालो."

"ही होडी आहे? कपडे भिजवायचा टब आहे नुसता!" असं म्हणून त्याने सव्वीस फुटांची बोट घेतली.

पण ती धक्क्यावरून बाहेर काढायला चार माणसं लागायची, आणि चौघं काही कधी जमायचे नाहीत. मग दर रविवारी शिंपी बांधलेल्या बोटीतच ऐटीत बसून चहा प्यायचा. दोन-तीन रविवारी बायको सोबत बसली, मग कंटाळली.

एका रविवारी समोरून एक इवलीशी होडी आली. साडूने मोठी बोट विकून ती घेतली होती. तो वल्ही मारत होता, पुढे मेहुणी बसली होती आणि मागे, पाण्यात हात बुडवून खळखळून हसत, शिंप्याची बायको.

शिंप्याने डोळे बारीक करून नजरेनेच माप घेतलं. बारा फूट.

"उद्याच दहाची घेतो," तो दातओठ खात पुटपुटला.