मोडलेल्या विड्यांची साक्ष

ॲड. यमुनाताई खोंडे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात वकील, प्राध्यापक, पुढारी अशी मोठी मंडळी लिहिणार आहेत. त्यांच्या पंगतीत माझ्यासारख्या टंकलेखकाचं पान मांडलं, हे संपादकांचं धाडसच. पण ताईंच्या नावावर कोर्टात एक चूक जमा आहे. ती माझी होती. ते जाहीर करायला याहून योग्य जागा मला मिळणार नाही.

नागपूरच्या कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली मी टाइपरायटर घेऊन बसत असे. एके दिवशी ताई एक अर्ज घेऊन आल्या. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "बाई, हे वाचायला वेगळा वकील लावावा लागेल," मी म्हणालो. त्या हसल्या आणि माझ्या बाकावर बसून सगळा मजकूर त्यांनी वाचून दाखवला. इतर वकील कागद फेकून चालते व्हायचे. ताईंनी जाताना मी जेवलो का, हेही विचारलं. तेव्हापासून त्यांचे कागद माझ्याकडे येऊ लागले.

पक्षकारांना त्या ऑफिसात ताटकळत ठेवत नसत. विडी वळणाऱ्या बायांचे जबाब घ्यायला भर दुपारी पाचपावलीला त्यांच्या घरी जात. "हात थांबला की त्यांची चूल थांबते," असं त्यांचं म्हणणं. बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बोलायच्या, आणि ताई कुणाचं तरी रडकं पोर मांडीवर घेऊन लिहायच्या. अक्षर तसं का होतं, ते मला तिथे कळलं.

तिथल्याच सरजाबाई. सातव्या महिन्यात त्यांनी बाळंतपणाची रजा मागितली, आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्याने त्यांना पान-तंबाखू देणं बंद केलं. घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, असं सांगणारा कायदा तेव्हा झालेला होता. पण मालक म्हणाला, "आम्ही तिला पान-तंबाखू विकतो, ती आम्हाला विड्या विकते. ती आमची कामगार कशी?" सरजाबाई हरल्या असत्या तर त्यांचं काम गेलंच असतं, शिवाय गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या बाईने पुन्हा तोंड उघडलं नसतं.

अर्ज मी टाइप केला. नाव, वय, मग 'धंदा'. बाईमाणसाचा अर्ज असला की तिथे 'गृहिणी' टाइप करायचं, ही माझ्या बोटांची वर्षानुवर्षांची सवय. ना मी विचारलं, ना ताईंनी घाईत पाहिलं. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी नेमका तोच शब्द भर कोर्टात वाचून दाखवला. बाई स्वतःच शपथेवर गृहिणी म्हणवते, मग खटला कसला? मी दाराशी उभा होतो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ताई उठल्या. "चूक माझी आहे. सही करण्याआधी मी वाचायला हवं होतं. माझ्या चुकीची शिक्षा हिला होऊ नये." न्यायाधीश म्हणाले, "बाईंनाच विचारू, त्या काय करतात ते."

सरजाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. ताईंनी त्यांना काहीही पढवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "साहेब, नापसंत विड्या मुनीम माह्या डोळ्यासमोर मोडते. बजारात वांगं किडकं निंगालं तं गिऱ्हाईक टोपलीत परत टाकते, पायाखाली तुडवत नाही. माल माहा असता तं त्यानं मोडला काहून असता जी?"

कारखान्याच्या बाजूने साक्षीला आलेल्या मुनिमाला विचारलं, तर विड्या मोडतो हे त्याला नाकारता येईना. सवयीचीच गोष्ट होती ती. मालकाचा विक्रीचा मुद्दा तिथेच लंगडा पडला. पुढे कुणी ताईंच्या युक्तिवादाची तारीफ केली की त्या चटकन म्हणत, "तो माझा नाही, सरजाबाईंचा."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर उद्यापासून तुमच्याकडे कागद कोण आणणार? तुमच्या पाठीशी कोणता कायदा आहे, शंकरराव?"

तेव्हापासून 'धंदा' टाइप करण्याआधी मी बाईला विचारू लागलो.

निकाल सरजाबाईंच्या बाजूने लागला. काम परत मिळालं, रजेचा हक्कही मान्य झाला. पण तोवर त्यांची मुलगी चालायला लागली होती. निकालाचा कागद घ्यायला त्या आल्या, तेव्हा ताईंनी हात जोडले. "उशीर झाला बाई. तुझ्या बाळंतपणात काही उपयोग झाला नाही."

सरजाबाई म्हणाल्या, "मले उशीर झाला जी. पन माह्या देरानीले सातवा चालू हाये. तिले तं येळेवर भेटन."

त्या धाकट्या जावेला रजा मिळाली, आणि तीही न भांडता.

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तब्येतीची हेळसांड करू नका, दुपारच्या उन्हात हिंडू नका. घरोघरी भांडी घासणाऱ्या बायांना बाळंतपणाची रजा अजून कुठलाच कायदा देत नाही. तुम्ही आम्हाला पुष्कळ वर्षं हव्या आहात. हे मी आमच्या स्वार्थापोटी मागतो आहे, आणि मागताना मला लाज वाटत नाही.